खेड्यांतील दंतवैद्य आणि संशोधन

चणे आहेत तेथें दांत नाहींत आणि दांत आहेत तेथें चणे नाहींत, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. दंतविद्येच्या संशोधनाची आज कांहींशी अशीच अवस्था झालेली आहे. ज्या मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत संशोधनाचीं साधनें, ग्रंथालयें आणि विद्वान अध्यापक आहेत, तेथें सर्वसाधारण रुग्ण फारसा पोंचत नाहीं. आणि ज्या लहानशा दवाखान्यांत सर्वसाधारण रुग्ण रोज येऊन बसतो, तेथें संशोधनाचा वारा सहसा लागत नाहीं. हीं दोन्ही टोकें एके ठिकाणीं कशीं आणतां येतील, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय साऱ्या जगाचा आहे. परंतु तो डोळ्यांसमोर नीट उभा राहावा म्हणून पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मी उदाहरणासाठीं घेतों.

भीमेच्या खोऱ्यांत शेजारीं शेजारीं वसलेले हे तालुके. शिरूर हें गांव घोड नदीच्या कांठचें. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव अजून ‘घोडनदी’ असेंही आहे. दौंड हें भीमेच्या कांठचें, आगगाडीचें जंक्शन म्हणून सर्वांस ठाऊक असलेलें. २०११ च्या शिरगणतींत या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकीं पावणेचार लाखांच्या वर भरली. कालव्याच्या पाण्यावर ऊंस, त्याच्यामागोमाग साखरेचे कारखाने आणि गुऱ्हाळें. कालवा जेथें पोंचला नाहीं तेथें ज्वारी-बाजरी. रांजणगांव आणि कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती. आणि हंगामांत बाहेरून येणारे ऊंसतोडणी कामगार, असें हें संमिश्र जीवन आहे. या भागांत ज्याची दाढ रात्रीं ठणकूं लागते, तो मनुष्य सकाळीं उठून पुण्याच्या महाविद्यालयाचा रस्ता धरीत नाहीं. तो प्रथम घरची लवंग दाढेखालीं धरतो, मग औषधाच्या दुकानांतून वेदना थांबविणारी गोळी आणतो, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं म्हणजे बाजाराच्या दिवशीं पेठेंतल्या एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यांत शिरतो. आपल्या समाजाच्या दांतांचें खरें दप्तर या लहान दवाखान्यांतच आहे. तें दप्तर कोणी उघडून वाचीत नाहीं, हीच आजच्या विषयाची मुख्य गोष्ट होय.

संशोधन हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें सूक्ष्मदर्शक यंत्र, कांचेच्या नळ्या आणि पांढरा डगला घातलेला शास्त्रज्ञ उभा राहतो. तें एका प्रकारचें संशोधन खरेंच; परंतु वैद्यकांत दुसऱ्याही प्रकारचें संशोधन असतें. एकाच दुखण्यावर दोन उपाय प्रचारांत आहेत, असें समजा. त्यांपैकीं कोणता अधिक दिवस टिकतो, कोणत्यानें रुग्णाला कमी त्रास होतो आणि कोणता त्याच्या खिशाला झेपतो, या प्रश्नांचीं उत्तरें सूक्ष्मदर्शकांत दिसत नाहींत. तीं रुग्णाच्या तोंडांतच, आणि तींही वर्ष-दोन वर्षें नजर ठेवून, शोधावीं लागतात. याला रुग्णांवरील प्रत्यक्ष संशोधन म्हणावें. त्याला मोठीं यंत्रें लागत नाहींत. लागते ती चिकाटी, प्रामाणिक नोंद आणि पुष्कळ रुग्ण.

यावर कोणी असें विचारील कीं, हें काम महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून होतच असतें, मग गांवच्या दंतवैद्याला त्यांत ओढण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें आहे कीं, मोठ्या रुग्णालयांत येणारा रुग्ण हा एका अर्थीं आपोआप निवडला गेलेला असतो. एक तर त्याचें दुखणें गुंतागुंतीचें झालेलें असतें, किंवा त्याला चार-सहा खेपा घालण्यापुरती सवड व प्रवासखर्चापुरता पैसा असतो. तेथें एका दांतावर शिकाऊ विद्यार्थी अध्यापकाच्या देखरेखीखालीं तास-दोन तास काम करूं शकतो. तालुक्याच्या दवाखान्यांत बाहेर दहा माणसें खोळंबलेलीं असतात. मध्येंच वीज जाते. आणि दाढेंत तात्पुरता मसाला भरून ‘आठ दिवसांनीं या’ म्हणून सांगितलेला रुग्ण, दुखायचें थांबलें म्हणजे, आठ महिन्यांनीं उगवतो. पहिल्या ठिकाणीं यशस्वी ठरलेला उपाय दुसऱ्या ठिकाणीं तितकाच यशस्वी होईल, असें कशावरून म्हणावें? नदीकांठच्या एका मळ्यांतील पीक पाहून साऱ्या तालुक्याची आणेवारी ठरवावी, तशांतलाच हा प्रकार होतो.

सामान्य व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्याच्या नजरेंतून केवढें मोठें ज्ञान निघूं शकतें, याचें एक उदाहरण दंतविद्येच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १९०१ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं फ्रेडरिक मॅके नांवाच्या एका तरुण दंतवैद्यानें दवाखाना थाटला. त्या गांवांत जन्मलेल्या पुष्कळ लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग असल्याचें त्याला दिसून आलें. कोणी म्हणे हा डुकराचें मांस फार खाल्ल्याचा परिणाम, कोणी म्हणे हा खराब दुधाचा. पुस्तकांत या रोगाचें नांव नव्हतें. मॅकेनें नोंदी ठेवण्यास आरंभ केला आणि शिकागोचे नामांकित दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांचें लक्ष तिकडे वेधलें. १९०९ सालीं ब्लॅक त्या गांवीं आले. स्थानिक जन्माच्या मुलांपैकीं जवळ जवळ नऊ-दशांश मुलांचे दांत डागाळलेले आहेत, हें त्यांना आढळलें. दुसरीही एक चमत्कारिक गोष्ट दिसली: हे कुरूप दांत सहसा किडत नव्हते.

पुढें १९२३ सालीं ओकली नांवाच्या दुसऱ्या गांवाहून मॅकेला बोलावणें आलें. तेथें एका झऱ्याचें पाणी नळानें आणल्यापासून मुलांच्या दांतांवर डाग पडूं लागले, असें आयांचें म्हणणें होतें. मॅकेनें तें पाणी सोडून देण्याचा सल्ला दिला. गांवानें तो मानला, आणि पुढें आलेल्या मुलांचे दांत स्वच्छ निघाले. दोष पाण्यांतच आहे, हें ठरलें. मात्र पाण्यांतील कोणता पदार्थ, तें कळण्यास १९३१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अॅल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनीं, तो पदार्थ फ्लोराइड होय, असें सिद्ध केलें. त्यानंतर ट्रेंड्ली डीन यांनीं गांवोगांव पाहणी करून दाखविलें कीं, दहा लाख भाग पाण्यांत सुमारे एक भाग इतकें फ्लोराइड असेल, तर कीड कमी होते आणि दांत फारसे विद्रूपही होत नाहींत. आज घरोघरीं जी फ्लोराइडयुक्त दंतमंजनें वापरतात, त्यांच्या मागें हा सारा शोध आहे. आणि त्याच्या मुळाशीं एका गांवच्या दंतवैद्याची जिज्ञासा व तीस वर्षांची चिकाटी आहे. आपल्या देशांत पुष्कळ ठिकाणीं फ्लोराइड कमी नसून अधिक आहे, आणि त्यानें दांतच काय, हाडेंही विकृत होतात. तेव्हां विंधणविहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दांतांकडे लक्षपूर्वक पाहणारा गांवचा डॉक्टर हा एक प्रकारें साऱ्या गांवाच्या पाण्याचा पहारेकरीच होय.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. स्कॉटलंडांत नॉर्ना हॉल नांवाची एक बाई सामान्य दंतव्यवसाय करीत असे. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा किडल्या म्हणजे त्यांना सुई टोंचून, यंत्रानें दाढ कोरून, कीड काढून टाकावी, अशी पुस्तकी रीत. मूल घाबरून तोंड मिटतें आणि काम अर्धवट राहतें, हा अनुभव सर्वांचा आहे. हॉल बाईनें एक सोपी युक्ति चालविली: सुई नाहीं, कोरणें नाहीं, तयार मिळणारी पोलादी टोपी किडलेल्या दाढेवर घट्ट बसवून द्यावयाची. आंत कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळेनासें झालें म्हणजे कीड जागच्या जागीं थबकते, हें त्यामागील तत्त्व. पुस्तकांत शिकलेल्या माणसाला हा शुद्ध अधर्म वाटावा! परंतु बाईनें आपल्या कामाच्या नोंदी व्यवस्थित ठेवल्या होत्या. त्या नोंदी तपासून डंडी येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००६ सालीं त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि पुढें या उपायाची रीतसर परीक्षा घेतली.

ही परीक्षा कोठें झाली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ती विद्यापीठांत झाली नाहीं. टेसाइड या भागांतील १७ सामान्य दंतवैद्यांच्या दवाखान्यांत झाली. १३२ मुलें निवडलीं. प्रत्येक मुलाच्या तोंडांतील दोन किडलेल्या दाढा घेतल्या. एकीवर टोपी बसविली, दुसरीवर डॉक्टर नेहमीं करीत तोच उपाय केला. आणि कोणत्या दाढेवर कोणता उपाय करावयाचा, हें डॉक्टरच्या मर्जीवर न सोडतां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें. पांच वर्षांनीं ९१ मुलांची पुरेशी माहिती हातीं होती. दुखणें किंवा पू होणें असा मोठा बिघाड नेहमींच्या उपायाच्या दाढांत शेंकडा सोळा-सतरा ठिकाणीं झाला. टोपीच्या दाढांत तो शेंकडा तीनच ठिकाणीं झाला. एका सामान्य व्यवसायी बाईची युक्ति सतरा सामान्य व्यवसायी डॉक्टरांनीं पारखली, म्हणून जगानें ती स्वीकारली. तीच केवळ हॉल बाईच्या शब्दावर राहिली असती, तर तिला कोणी विचारलें नसतें.

परंतु परदेशांत सिद्ध झालेली गोष्ट डोळे मिटून उचलावी, असेंही नाहीं. दर सहा महिन्यांनीं दांत तपासून घ्यावे, असें सांगून सांगून डॉक्टरांच्या दांतांच्या कण्या झाल्या आहेत. या सल्ल्याला आधार किती, हें ब्रिटनमध्यें ५१ दवाखान्यांतील २,३७२ प्रौढ रुग्णांवर चार वर्षें तपासण्यांत आलें. २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: सहा महिन्यांनीं बोलाविलेले रुग्ण आणि प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणें कमीअधिक अंतरानें बोलाविलेले रुग्ण, यांच्या हिरड्यांच्या आरोग्यांत लक्षणीय फरक पडला नाहीं. हें ऐकून शिरूरच्या एखाद्या गृहस्थानें ‘तर मग मी जातच नाहीं’ म्हणावें, तर तें चुकीचें होईल. ते ब्रिटिश रुग्ण मुळांतच नियमित तपासून घेणारे होते. आपल्याकडे बहुधा वेदना हीच तपासणीची तारीख! ज्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या लोकांवर काढलेलें आहे, तें आपल्या लोकांना लागू पडेल कीं नाहीं, हें सांगण्यास आपल्याच लोकांच्या नोंदी हव्यात. त्या नाहींत, म्हणून आपण उसन्या उत्तरांवर दिवस काढतों.

आपल्या डॉक्टरांना हें साधणार नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. याचा पुरावा खुद्द पुण्यानेंच दिला आहे. तेथील चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें १ फेब्रुवारी २०११ रोजीं एक विलक्षण पाहणी केली. देशांतील ८८० शहरें व गांवें यांतून बारा हजार सामान्य वैद्य, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ निवडले, आणि त्या एका दिवशीं आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची तक्रार एका ठराविक कागदावर लिहून पाठविण्याची त्यांना विनंति केली. सुमारे ७,४०० जणांनीं ती मान्य केली आणि २,०४,९१२ रुग्णांची माहिती गोळा झाली. निम्म्याहून अधिक रुग्ण खोकला, दम अशा श्वसनाच्या तक्रारींनीं आलेले होते. एका दिवसाचें काम, एक कागद. परंतु देशांतील आजारपणाचें असें चित्र कोणत्याही एका रुग्णालयाला काढतां आलें नसतें. दंतवैद्यांना अशीच एक दिवसाची पाहणी करण्यास काय हरकत आहे?

शिरूर तालुक्याला तर रुग्णांवरील संशोधन मुळींच नवें नाहीं. पुण्याच्या केईएम रुग्णालयानें डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेनें वढू बुद्रुक येथें ग्रामीण आरोग्याचें काम एकोणीसशें सत्तरीच्या दशकांत सुरू केलें. त्याच संस्थेच्या संशोधन केंद्रानें २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गांवांत घरोघरच्या जन्म, मृत्यु व स्थलांतराची नियमित नोंद ठेवण्यास आरंभ केला. बालकांच्या जुलाबावरील भारतीय लशीची जी मोठी परीक्षा दिल्ली, पुणें आणि वेल्लोर या तीन ठिकाणीं मिळून ६,७९९ बालकांवर झाली आणि जिचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, तिच्यांतील पुण्याकडील भाग याच संस्थेनें सांभाळला. म्हणजे नीट समजावून सांगितलें, विश्वास ठेवण्याजोगें वागलें, तर आपल्या खेड्यांतील मातापिता संशोधनाला सहकार्य देतात, हें सिद्धच झालें आहे. उणीव राहिली ती दांतांच्या बाबतींत.

आणि दांतांच्या बाबतींतली ही उणीव जिवावर बेतणारी आहे. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे किती माणसें नेतो, हें कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओसरीवर उभें राहिल्यास कळतें. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं सुमारे चौथा हिस्सा तंबाखू चघळणारा किंवा दांतांना लावणारा आढळला. त्यापूर्वीं, १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील १,०१,७६१ ग्रामस्थांचीं तोंडें तपासलीं होतीं. तींत दर दहा स्त्रियांपैकीं सुमारे चार स्त्रिया मिश्री लावणाऱ्या निघाल्या. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. परंतु अनेक बायांना ती दांतांचें औषध वाटते! दाढ दुखूं लागली म्हणजे मिश्री, आणि मिश्रीची संवय जडली म्हणजे जन्माची, असा हा फेरा आहे.

कर्करोग होण्यापूर्वीं पुष्कळदां गालाच्या आंतल्या बाजूस पांढरा किंवा लाल चट्टा उमटतो, अथवा सुपारी व गुटख्याच्या संवयीनें तोंड हळूहळू उघडेनासें होतें. हा चट्टा दुखत नाहीं, म्हणून रुग्ण त्यासाठीं येत नाहीं. तो येतो दाढेसाठीं. चट्टा दिसतो तो दंतवैद्याला. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत १९९६ पासून झालेल्या एका मोठ्या परीक्षेंत, शिकविलेल्या आरोग्यसेवकांनीं गांवोगांव तोंडें तपासलीं, तेव्हां तंबाखू किंवा दारूचें व्यसन असलेल्या लोकांत तोंडाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारे एक-तृतीयांशानें घटले. आरोग्यसेवकाच्या नजरेला हें साधतें, तर दंतवैद्याच्या नजरेला कां साधूं नये?

परंतु येथेंच एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचें उत्तर पुण्यांत किंवा मुंबईंत बसून कोणालाही देतां येणार नाहीं. दौंडच्या किंवा शिरूरच्या डॉक्टरनें चट्टा पाहिला, ‘पुण्यास जाऊन तुकडा तपासून घ्या’ म्हणून चिठ्ठी लिहून दिली. पुढें काय झालें? अशा शंभर चिठ्ठ्यांपैकीं किती जण खरोखर गेले? जे गेले नाहींत, ते कां गेले नाहींत? पैसा नव्हता, बरोबर यावयास माणूस नव्हतें, ऊंसाची तोड चालू होती, कीं ‘कर्करोग’ हा शब्द ऐकूनच पाय गळाले? स्त्रिया अधिक मागें राहिल्या कीं पुरुष? ही माहिती हातीं आली, तर उपाय योजतां येईल. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयांत किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयांत ठराविक दिवशीं तपासणीची सोय मागतां येईल. माहिती नसेल, तर चिठ्ठी लिहिली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें समाधान डॉक्टर मानीत राहील आणि रुग्ण मरत राहील.

आतां हें काम करावयाचें कसें, तें थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, प्रश्न लहान आणि स्पष्ट असावा. ‘तालुक्याचें दंतारोग्य कसें आहे?’ हा प्रश्न नव्हे. ‘तोंडांत चट्टा असलेल्या रुग्णांपैकीं तीन महिन्यांत किती जण पुढील तपासणीस गेले?’ हा प्रश्न होय. दुसरी गोष्ट, सर्व दवाखान्यांत एकच नमुना वापरावा आणि शब्दांचे अर्थ आधीं ठरवून घ्यावे. एकानें ज्याला चट्टा म्हटलें त्याला दुसऱ्यानें डाग म्हटलें, तर बेरीज कशाची करावयाची? तिसरी गोष्ट, रुग्ण निवडून घेऊं नयेत; जे क्रमानें येतील ते सर्व नोंदावे. चांगले बरे झालेले तेवढे लक्षांत राहतात आणि बिघडलेले विसरले जातात, हा मनाचा स्वभावच आहे. वहींत मात्र दोन्ही सारखे उतरले पाहिजेत. चौथी गोष्ट, दोन उपायांची तुलना असेल तेव्हां निवड चिठ्ठ्यांनींच व्हावी. नाहींतर डॉक्टर सोप्या दाढा आपल्या आवडत्या उपायाला देतो, आणि मग तो उपाय श्रेष्ठ ठरतो!

पांचवी गोष्ट पाठपुराव्याची, आणि आपल्या भागांत तीच सर्वांत कठीण. ऊंसतोडणीचीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास येतात आणि गाळप संपलें कीं निघून जातात. वर्षभर नजर ठेवावयाच्या पाहणींत त्यांचीं मुलें घेतलीं, तर निम्म्या वाटेंत तीं दिसेनाशीं होतील. आणि त्यांना वगळलें, तर ज्यांची स्थिति बहुधा सर्वांत वाईट, त्यांच्यावांचूनच निष्कर्ष निघेल. यावर तोड अशी कीं, त्यांच्यासाठीं प्रश्नच असा घ्यावा, ज्याचें उत्तर एका भेटींत किंवा एका हंगामांत मिळेल. संशोधनाची योजना करणाराला हंगामाचें पंचांग ठाऊक असलें पाहिजे. तें शहरांतील अध्यापकाला ठाऊक नसतें, गांवच्या डॉक्टरला असतें.

एका दवाखान्याच्या नोंदींनीं काय होणार, असें वाटेल. थेंबें थेंबें तळें सांचे. एखादें दुखणें एका दवाखान्यांत महिन्याला एकदां दिसत असेल, तर वर्षाला बाराच रुग्ण होतात. पण असे वीस दवाखाने एकत्र आले, तर दोनशें चाळीस होतात. अमेरिकेंत २००५ सालीं सरकारी मदतीनें सामान्य दंतवैद्यांचीं तीन संशोधनमंडळें स्थापन झालीं आणि २०१२ सालीं त्यांच्या जागीं एकच राष्ट्रीय मंडळ उभें राहिलें. हाडांच्या कांहीं औषधांनीं क्वचित् जबड्याचें हाड मृत होतें, अशी शंका आली, तेव्हां त्या तीन मंडळांच्या ११९ दवाखान्यांनीं मिळून १९१ असे रुग्ण आणि तुलनेसाठीं ५७३ इतर माणसें जमविलीं, आणि त्या औषधांशीं असलेला संबंध स्पष्ट दाखविला. एकट्या डॉक्टरला असा रुग्ण जन्मांत एखादा दिसावयाचा. त्याला तो योगायोगच वाटला असता.

येथें रुग्णाच्या बाजूनें एक रास्त शंका आहे: ‘माझ्यावर प्रयोग करणार काय?’ तिचें उत्तर टाळूं नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमावलींत सांगितलें आहे कीं, रुग्णाला समजेल अशा भाषेंत सर्व सांगून त्याची खुषीची संमति घ्यावी. त्याला केव्हांही बाहेर पडण्याची मोकळीक असावी, आणि त्यामुळें त्याच्या नेहमींच्या उपचारांत उणेपणा येऊं नये. संशोधनामुळें अपाय झाल्यास त्याचे उपचार विनामूल्य व्हावे. आणि योजना आधीं नीतिसमितीनें तपासलेली असावी. रुग्णांवरील परीक्षांची नोंद करण्यासाठीं २००७ सालीं राष्ट्रीय नोंदणीपटही सुरू झाला. हे नियम कागदावर राहूं नयेत, यासाठीं गांवच्या दंतवैद्यानें अधिक जपलें पाहिजे. कारण गांवांत डॉक्टरला ‘नाहीं’ म्हणणें रुग्णाला जड जातें. ज्याच्याकडे उद्यां पुन्हां दाढ घेऊन यावयाचें, त्याचा शब्द कसा मोडावा, असें त्याला वाटतें. म्हणून संमति शक्य तर दुसऱ्या कोणीं घ्यावी, आणि घरीं जाऊन विचार करण्यास रुग्णाला वेळ द्यावा. नांवगांव कागदावरून वगळून त्या जागीं आंकडा घालावा, हेंही तितकेंच आवश्यक; लहान गांवांत एका चट्ट्याची बातमी वेशीपर्यंत जाण्यास वेळ लागत नाहीं, आणि लग्नाच्या मुलीच्या बाबतींत तिचा परिणाम काय होतो, हें मीं सांगावयास नको.

डॉक्टरांच्याही अडचणी आहेत. त्यांचा वेळ हाच त्यांचा पैसा. लिहिण्यांत गेलेला अर्धा तास कोणी भरून देत नाहीं. म्हणून महाविद्यालयांनीं आंकडेशास्त्र जाणणारा माणूस, छापील नमुने, नीतिसमितीचें साह्य आणि वेळेचा माफक मोबदला द्यावा. आणि निष्कर्ष प्रसिद्ध होतील तेव्हां त्यांवर गांवच्या डॉक्टरांचीं नांवेंही यावींत. केवळ हमालासारखी माहिती वाहून नेण्यास त्यांना लावलें, तर दुसऱ्या वर्षीं कोणी दारांत उभें करणार नाहीं. दुसरी अडचण मनाची आहे. नोंद ठेवली म्हणजे आपलीं बिघडलेलीं कामेंही दिसतात, ही भीति. परंतु या मंडळींत कोणाची परीक्षा घ्यावयाची नसते. परीक्षा असते ती उपायांची. आपण भरलेली दाढ दोन वर्षांनीं कशी आहे, हें ज्यानें मोजलें, तो दंतवैद्य पुढील दाढ अधिक विचारपूर्वक भरतो. हा लाभ त्याचा स्वतःचा आहे.

तेव्हां आरंभ लहान असावा. दोन्ही तालुक्यांतील पांच-सहा दंतवैद्यांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसावें, पुण्यांतील एखाद्या महाविद्यालयाच्या अध्यापकाला सोबत घ्यावें, एकच प्रश्न ठरवावा, आणि नीतिसमितीची मान्यता मिळाल्यावर एक वर्ष तो सोडूं नये. तोंडांतील चट्ट्यांचा आणि पुढें न गेलेल्या चिठ्ठ्यांचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो. कारण त्याचें उत्तर उशिरां आलें, तर तें ज्यांच्यासाठीं हवें होतें, त्यांच्यापैकीं कांहीं माणसें तें ऐकण्यास उरणार नाहींत. श्रोत्यांनाही एक विनंति आहे. आपल्या दंतवैद्यानें दाढ पाहून झाल्यावर गालाच्या आंत बत्ती धरली, चार प्रश्न विचारले आणि उत्तरें वहींत उतरविलीं, तर कंटाळूं नये. पटलें तर साह्य करावें, पटलें नाहीं तर मोकळेपणानें नाहीं म्हणावें. आणि चिठ्ठी मिळाली, तर तपासणीस अवश्य जावें.